भिमाबाईचा धूर

मोशीच्या आमच्या दवाखान्यात भिमाबाई झाडूवाली होती तोवर रक्ताची एक चिंधी इंद्रायणीत गेली नाही. पट्ट्या, कापूस, सगळं ती मागच्या भट्टीत जाळायची आणि राख चुना घालून खोल पुरायची. चौऱ्याहत्तर साली असं कोण करत होतं!

वारा कसाही असो, तिच्या भट्टीचा धूर सरळ वर जायचा. शेजारच्या वीटभट्टीचा गावावर लोळायचा, हिचा कधीच नाही.

मी तिथली नर्स. एकदा कौतुकानं विचारलं, "भिमाबाई, कसं हो जमतं?"

"त्याला सांगती न्हवं, सिस्टर. गावात पोरं हायती, तिकडं जायाचं न्हाई. ऐकतो बिचारा."

भिमाबाई आमच्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर वारली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या जागी आलेल्या धोंडीबानं तिच्या पट्ट्या भट्टीत टाकल्या.

धूर वर गेला नाही. अंगण ओलांडून तो खिडकीतून आत आला आणि तिच्या रिकाम्या खाटेपाशी थांबला. कुणाला ठसकासुद्धा लागला नाही.

मग तो माझ्याकडे वळला आणि वाट बघत राहिला.

मी तोंड उघडलं, पण भिमाबाईचे शब्द माझ्या तोंडून निघेनात.

बाहेर शाळा सुटल्याची घंटा झाली, तसा तो पुन्हा खिडकीकडे, पोरांच्या आवाजाकडे वळला.