आमोसचा ओळंबा

त्या रविवारी प्रवचन आमोस संदेष्ट्यावर होतं. देव हातात ओळंबा घेऊन उभा राहतो आणि माणसं किती वाकडी झालीत ते बघतो, हे पाळकसाहेबांना प्रत्यक्ष दाखवायचं होतं. आमचे हे कॉन्ट्रॅक्टर, चर्चची नवी भिंत यांनीच उभारलेली. तेव्हा दोरी आणि शिशाचा गोळा यांनीच मोठ्या हौसेने नेऊन दिला.

पाळकसाहेब एकेक पाप सांगत होते आणि पहिल्या बाकावर बसून हे मला कोपराने ढोसत होते. "ऐक, ऐक. हे खास तुझ्या भावासाठी आहे." लबाडीचं पाप आलं तेव्हा तर यांनी मागे वळून माझ्या भावाला शोधून काढलं आणि त्याच्याकडे बघत खणखणीत "आमेन" म्हटलं.

मग पाळकसाहेब स्टुलावर चढले आणि त्यांनी त्या नव्या भिंतीवर, अगदी उंचावर खिळा ठोकून ओळंबा सोडला. वर दोरी भिंतीला टेकलेली आणि खाली गोळा भिंतीपासून चांगला वीतभर लांब! अख्खी भिंत पाळकसाहेबांच्या डोक्यावर झुकलेली. यांचं कोपर आपसूक आवरलं गेलं.

उपासना संपताच चर्च कमिटीची तातडीची सभा झाली. अध्यक्ष आमचे हेच. घडला प्रकार गंभीर आहे, पुन्हा असं दिसता कामा नये, असं एकमताने ठरलं.

पुढच्या रविवारी भिंतीवरून ओळंबा काढलेला होता.