बा कशानं गेला?

"बा कशानं गेला?" राहीनं विचारलं, तसा तिच्या आईचा, नीराबाईचा हात थांबला. ती अंगणात बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर वाळत टाकत होती.

प्रश्न साधाच होता, पण तो राहीनं विचारावा याचंच नवल. "त्याचा विषय काढलास तर फोन ठेवीन," हा दंडक तिचाच. आणि तिनं तो खरंच ठेवला होता, एकदा नव्हे, अनेकदा. पाच वर्षांपूर्वी बाप गेला तेव्हा ती पनवेलहून मुरुडला आली नाही. बाराव्यालाही नाही. ज्यानं वीस वर्षं दारात उभं केलं नाही, त्याच्या पिंडाला कावळा शिवो की न शिवो, तिला काय त्याचं!

तिच्या बापाच्या, विठोबाच्या घरी जन्मले ते दोन मुलगे, असं गाव समजत होतं. थोरला दीपेश बापामागं होडीवर गेला. धाकटी राही मुलगी होती. हे तिला लहानपणापासून कळत होतं, बापाला काही केल्या कळलं नाही. साडी नेसून समोर आली त्या दिवशी त्यानं तिच्याकडे पाठ फिरवली. पुढं कधी घरात तिचं नाव निघालं की तो उठून बंदरावर जायचा. आई मात्र चोरून फोन करायची, आणि आता उघडपणे घरी बोलवायची.

राही आज आली होती ती डॉक्टरनं विचारलं म्हणून. वर्षभर तिला लघवीचा त्रास होता. बाईमाणूस म्हणून ती बायकांच्या डॉक्टरकडे गेली, त्यांनीही बाईमाणूस म्हणूनच गोळ्या दिल्या. मग कंबर धरली. मोठ्या तपासण्या झाल्या तेव्हा निघाला प्रोस्टेटचा कॅन्सर. हाडांपर्यंत गेलेला.

"अहो, माझं ऑपरेशन होऊन बारा वर्षं झाली," ती म्हणाली होती. "ते सगळं काढलंय."

"त्यात प्रोस्टेट काढत नाहीत, ताई. पुरुषांची ती ग्रंथी आत राहतेच," डॉक्टर म्हणाला. "घरात कुणाला होता का? बापाला असला तर मुलांनी पंचेचाळिशीलाच रक्त तपासून घ्यायला हवं. लवकर सापडला की बरा होतो."

राही पन्नाशीला आली होती. तिला फार दिवस नव्हते, हे डॉक्टरनं न सांगताही तिला कळलं. आईला त्यातलं काही सांगायचं नाही, एवढं ठरवून ती एसटीत बसली होती.

"कशाला इचारतेस गो?" नीराबाई म्हणाली.

"असंच. पोटाचं दुखणं होतं ना?"

"पोटाचा कुठला! लघवीच्या जागेचा कॅन्सर व्हता. पोस्टेट का काय बोलतात तो."

राहीनं दोरीची काठी धरली.

"दीपेशला म्हाइत हाय?"

"व्हय तर. डॉक्टरच बोलला, पोरग्यांचा रगत तपासून घ्या. दीपेश दर वर्साला जातो. मागं त्याला पन बारकी गाठ निघाली, लगेच काढली. आता बघ कसा होडी वढतोय, घोड्यावानी!"

नीराबाई कौतुकानं हसली. राही मात्र ओट्यावर बसली आणि इतकी वर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"आनि मी? मी कोन न्हाय? फोनवर न्हाय, तर दीपेशच्या हातून एक निरोप धाडता येत नव्हता? मरताना पन मोजला न्हाय त्यानं मला!" ती रडायला लागली. पोरकं पोर रडतं तशी, हुंदके देऊन. एवढ्या मोठ्या बाईनं असं रडावं, हे कुणालाही बघवलं नसतं.

नीराबाईनं पदराला हात पुसले आणि तिच्याजवळ येऊन बसली. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. पाच वर्षं एक चांगली गोष्ट पोटात ठेवून होती ती, आणि लेक ऐकूनच घेत नव्हती.

"तसा बोलू नको गो. तू मला कदी बोलूच दिलं न्हाईस. मोजला न्हाय कसा? मी तितंच व्हते, त्याच्या खाटेपाशी. डॉक्टरनं त्याला इचारला, तपासायला धाडायचंय, पोरगे किती? त्याला धड बोलवत नव्हता, तरी माजा हात धरून उठून बसला." नीराबाईनं राहीचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. "बोलला, पोरगा येकच हाय, डॉक्टर. धाकटी माजी पोरगी हाय."