दहापैकी शून्य

पडद्यावर सगळ्यात खाली पुन्हा तेच नाव आलं. ढब्बू. दहापैकी शून्य.

वर्गात खसखस पिकली. गणिताच्या बाईंनी पटकन पडदा बंद केला.

"हसायचं काय त्यात?" त्या म्हणाल्या. "ढब्बू जो कोणी असेल, त्याने मनाला लावून घेऊ नये. किंवा तिने. सोमवारी आपण अपूर्णांकच पुन्हा करू. वेगळ्या तऱ्हेने."

"म्हणजे पुस्तक नाही, बाई?" मॉनिटरने विचारलं. दोन वेण्यांची ही चुणचुणीत मुलगी सगळं काही वहीत टिपून ठेवायची.

"पुस्तक नंतर."

ही प्रश्नमंजूषा बाईंना शिक्षकांच्या एका ग्रुपवर सापडली होती. फुकट, आणि वापरायला सोपी. दर शुक्रवारी मुलांनी आपापल्या टॅबवर दहा प्रश्न सोडवायचे, तेही टोपणनावाने. कोणाचं चुकलं ते कोणाला कळू नये म्हणून. नावं दर आठवड्याला बदलायची. पेंगुळलेला वाघ, राणीसाहेब, धूमकेतू. ढब्बू तेवढा ढब्बूच राहायचा आणि भोपळाच मिळवायचा.

तिसऱ्या भोपळ्यानंतर बाईंच्या डोक्याला भुंगा लागला. बत्तीस मुलांतलं एक रोज समोर बसतं, मान डोलावतं आणि त्याला काही म्हणता काही कळत नाही. बरं, वहीतली गणितं तर सगळ्यांचीच बरोबर यायची. घरी कोणीतरी सांगत असणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

"त्याला वाचायचा कंटाळा असेल," बाईंचे वडील म्हणाले. ते टपाल खात्यातून निवृत्त झाले होते आणि हौशी नाटकांतून अजून झाले नव्हते. "प्रश्न ऐकू दे त्याला. आण तो मोबाईल इकडे."

आणि त्यांनी शाब्दिक गणितं रेकॉर्ड करून दिली. कलिंगडाचा तीन अष्टमांश भाग कोणी पळवला, याचा तपास त्यांनी घोगऱ्या आवाजात असा काही केला, की वर्ग बाकांवर लोळायचा बाकी राहिला. आठवड्याभरात शाळेच्या आवारात पोरं त्याच आवाजात एकमेकांना हाका मारू लागली.

शुक्रवारी ढब्बूला शून्य.

मग बाईंनी कंबर कसली. एका साइटवर पडद्यावरचं कलिंगड बोटाने कापता येत होतं, ते आणलं. मुलांनाच दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ करायला लावले. एकाने तर आपल्या धाकट्या बहिणीलाच पूर्णांक केलं आणि तिने फ्रेमबाहेर पळ काढला. बाई हसून हसून दमल्या. गणिताच्या तासाला शेजारच्या वर्गातली पोरं दाराशी घुटमळू लागली.

ढब्बू जागचा हलला नाही.

शेवटी मुख्याध्यापकांनी बोलावणं पाठवलं.

"बाई, अपूर्णांकांतून बाहेर कधी येणार? बाकीचे वर्ग दोन धडे पुढे आहेत."

"सर, एक मूल मागे राहतंय."

"नाव सांगा. खालच्या तुकडीत बसवू."

"नाव मला माहीत नाही. आणि शोधणारही नाही. मी मुलांना शब्द दिलाय."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला. "मग शुक्रवारी मी स्वतः येऊन बसतो. तेव्हाही शून्यच पडलं, तर टॅब दुसऱ्या वर्गाला आणि परीक्षा कागदावर. नावानिशी."

बाई वर्गात परतल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. मुलांपासून काही लपवायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी सगळं सरळ सांगून टाकलं.

"ढब्बू," कोणा एकाकडे न बघता त्या म्हणाल्या, "मला तुझा राग नाही आलाय. जमेल तेवढं कर. नाही जमलं, तर मी कमी पडले, तू नाहीस."



शुक्रवारी मुख्याध्यापक मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसले. प्रश्न सुरू झाले. बाईंनी पडद्याकडे पाठच केली होती. दहावा प्रश्न संपला, निकालाची तुतारी वाजली आणि सगळा वर्ग एकदम ओरडला. बाईंनी भीत भीत वळून पाहिलं.

ढब्बू. दहापैकी चार.

"शून्यावरून चार!" मुख्याध्यापक उभे राहिले आणि त्यांचा गुडघा बाकावर आपटला, तरी ते हसतच होते. "बाई, मी हरलो. पोर दहावर येईपर्यंत तुमच्याच पद्धतीने चालू द्या. पुस्तकाचं मी बघतो. आणि कलिंगडाच्या तपासाचं ते काय आहे, ते मलाही ऐकायचंय."

बाईंचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले होते. ते कोणाला दिसू नये म्हणून त्या मोबाईल शोधायचं निमित्त करून सरांबरोबर बाहेर पडल्या.

दार लागलं. पावलं लांब गेली. मॉनिटरने वही उघडली आणि एका नावापुढे बरोबरची खूण केली.

"चारच आणलेस, शाब्बास. आता पुढचा ढब्बू पट क्रमांक सात." तिने खिडकीजवळच्या मुलीकडे पाहिलं. "तुला दहाही उत्तरं येतात ना? मग पाच चुकव."