ओढ्यावरची सावड

ओढ्यावर रिकाम्या गोण्या होत्या, फावडी होती, माणूस एकही नव्हता. शितलनं चारी बाजूंना हाका मारून पाहिल्या. दिवाळी सरली होती, पाणी डोळ्यांदेखत वाहून चाललं होतं आणि बंधारा अर्धाच उभा होता. तलासरीच्या पाणी मंचाचं हे काम. मंचात डहाणूच्या संस्थेची पगारी इंजिनियर म्हणजे शितल, आणि गोण्या भरायला पाड्यावरचे स्वयंसेवक. आठवडाभरात बांध पुरा झाला नाही, तर ओढा आटणार आणि उन्हाळ्यात बायकांच्या नशिबी पुन्हा लांबच्या विहिरीची पायपीट.

नक्की आपलंच काहीतरी चुकलं, असं तिच्या मनानं घेतलं. मागच्या बैठकीत आपण खुर्चीवर बसलो आणि ही सगळी सतरंजीवर. राग येणारच की. माफी मागायची असं ठरवून ती पाडा चढली.

मंडळी गोण्या भरायला येणाऱ्या तुळशी नावाच्या बाईच्या शेतात भात कापत होती, तीही हसतखिदळत. शितलनं माफी मागितली, तर तुळशीला काही कळेचना. राग कसला? मागच्या रविवारी पाड्यावरच्याच देवजीचं भात कापायचं होतं, ही बाय आलीच नाही. सावडीत असं चालतं होय? आज मी तुझ्याकडे राबायचं, उद्या तू माझ्याकडे. ही रीत हिला कोणी शिकवली नाही की काय!

शितलनं विळा घेतला. तिचं कापणं बघून बायका पोट धरून हसल्या. संध्याकाळी कंबरेचा पार काटा ढिला झाला, पण जीव हलका झाला.

दुसऱ्या दिवशी झाडून सगळा पाडा ओढ्यावर हजर. दुपारपर्यंत बांध पुरा झाला आणि बघता बघता पाणी वर चढलं. शितलचा आनंद गगनात मावेना. आता तुमच्या पाड्याला पावसाळ्यापर्यंत पाण्याची ददात नाही, असं तिनं सगळ्यांना सांगून टाकलं.

तुळशी फावड्यावर हात टेकून बघतच राहिली.

"आमच्या पाड्याला? तू तर येताजाता माझा बंधारा, माझा बंधारा म्हणायचीस. आम्हाला वाटलं, एकटी पोर डहाणूहून येते, काम अडलंय बिचारीचं. म्हणून आलो."

शितलला हसावं की लाजावं समजेना. तुळशी मात्र देवजीकडे वळली. दोघं हलक्या आवाजात काहीतरी बोलले. मग तुळशी पदराला हात पुसत पुढे आली.

"म्हणजे इतके दिवस तूच आमच्याकडे राबलीस. तुझी सावड आमच्यावर राहिली, बाय. सांग, तुझ्या घरी काय काम काढलंयस? रविवारी येतो सगळे."