लोखंडाला लोखंड

रॉइस आपला ट्रक मागे घेत घेत चाकांवरचं घर असलेल्या ट्रेलरच्या नाकाखाली आणत होता, तेव्हा वर्लिन कॅम्पातल्या शेजारच्या जागेत खुर्ची टाकून कॉफी पीत बसला होता. त्याचा स्वतःचा ट्रेलर केव्हाच जोडून झाला होता. निघायचं सोडून तो बसला होता तो रॉइस कुठे चुकतो एवढंच बघायला.

मागे घेण्यात तरी रॉइस चुकला नाही. त्याच्या ट्रकच्या हौद्यात ट्रेलर अडकवायचा नवा जोड बसवला होता. मध्ये रबराचा जाड फुगा, त्यात हवा. ट्रेलर खड्ड्यात आदळला तरी धक्का त्या फुग्यातच जिरायचा, पुढे बसलेल्याच्या पाठीपर्यंत पोचायचाच नाही. सगळ्या कॅम्पात आठवडाभर त्याचीच चर्चा. वर्लिनचा जोड जुना, लोखंडाला लोखंड. "हवेवर भरवसा ठेवायला मी काय पतंग आहे?" असं तो भेटेल त्याला ऐकवायचा आणि संध्याकाळी फिरायच्या निमित्ताने त्या फुग्यावर नजर टाकून यायचा. पोटात दुखत असलं की ते तोंडावर दिसतंच. कॅम्पात सगळ्यांना दिसत होतं.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. त्याच्या बायकोची, नेडीनची, पाठ गेली होती. असे धक्के खायचे असतील तर फिरणं सोडा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि काल पत्ते खेळताना रॉइस म्हणाला, "पुढच्या मुक्कामाला, फ्लॅगस्टाफपर्यंत, माझ्या ट्रकमध्ये बसून बघा ना. तशीही बाजूची सीट रिकामीच असते." त्याची बायको जून वारल्यापासून तो एकटाच फिरायचा. नेडीनने वर्लिनकडे न बघताच "बसते की" म्हणून टाकलं.

फुगा काय, विकत आणता येतो. ते 'बसते की' कुठून आणायचं, या विचाराने वर्लिनचा डोळा लागला नव्हता.

रॉइसने उतरून ट्रेलरचे पुढचे पाय वर घेतले, चाकांखालच्या पाचरी काढल्या आणि तो पुन्हा स्टिअरिंगवर जाऊन बसला. तेवढ्यात वर्लिनला ते दिसलं. ट्रेलरचा खुंटा पकडणारा जोडाचा जबडा मिटलाच नव्हता. फुग्यात हवा कमी पडली होती, त्यामुळे ट्रेलरचा खुंटा आत न उतरता वरच टेकला होता आणि मधून पलीकडचा उजेड दिसत होता. ट्रक पुढे सरकला की ट्रेलर घसरून हौद्यावर बसणार. माणसाला फारसं काही होत नाही, पण ट्रकची वाट लागते आणि पुढचे चार मोसम लोक हसतात.

म्हणून तर नवऱ्याने जोडायचं आणि बायकोने टॉर्च घेऊन खाली वाकून जबडा बघायचा, अशी इथे घरोघरची रीत. रॉइसकडे वाकून बघणारं आता कुणी नव्हतं.

वर्लिनने कॉफीचा घोट घेतला. कॅम्पात जुना दंडक आहे, जोडणाऱ्याशी बोलायचं नाही. बोललं की माणूस काहीतरी विसरतो. नव्या लोकांना हे वर्लिनच शिकवायचा. आपण दंडक पाळतोय, असं त्याने स्वतःला सांगितलं. मनातून मात्र त्याला गुदगुल्या होत होत्या. होऊ दे एकदा. मग बघू त्या सीटवर कोण बसतंय ते.

नेडीन पर्स घेऊन आली ती थेट रॉइसच्या ट्रककडे गेली. दार उघडता उघडता थबकली आणि सवयीने मागे वळली. एका हाताने कंबर धरून हळूहळू वाकली आणि तिने पर्समधला टॉर्च लावला.

वाकताना तिला काय यातना होतात, ते वर्लिनला ठाऊक होतं. आजवर ती वाकली ती त्याच्यासाठी. दुसऱ्याच्या गाडीखाली तिला वाकलेलं बघून त्याला कॉफी कडू लागली.

"रॉइस, गाडी बंद करा," ती म्हणाली. "जबडा उघडाच आहे. आधी पाय खाली सोडा."

रॉइसने उतरून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "जून असती तर..." एवढंच तो म्हणाला. मग त्याने पाय खाली सोडले, फुग्यात हवा भरली, पुन्हा ट्रक मागे घेतला. या वेळी जबडा मिटल्याचा आवाज चांगला दोन जागा पलीकडे गेला.

नेडीन वर्लिनच्या खुर्चीपाशी आली. तिथून जोड स्वच्छ दिसत होता. तिने एकदा तिकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे.

"कधीपासून बसलायस इथे?"

"जोडणाऱ्याशी बोलायचं नसतं," वर्लिन म्हणाला.

"मी बसणार होते त्या गाडीत."

नेडीन गेली आणि रॉइसच्या शेजारी बसली.

वर्लिन मागोमाग निघाला. रस्त्याच्या प्रत्येक सांध्याला ट्रेलर त्याच्या ट्रकला ढुशी देत होता आणि दर ढुशीला त्याचा उजवा हात आपोआप बाजूच्या सीटकडे जात होता. डोंगर लागेपर्यंत त्याने शब्द जुळवले. चुकलो म्हणायचं. जळलो म्हणायचं, लाज काय त्यात. आणि हाच फुगा उद्याच्या उद्या आपल्या गाडीला बसवू म्हणायचं.

डिझेलसाठी थांबल्या थांबल्या तो लगबगीने रॉइसच्या ट्रकपाशी गेला. दाराशी पोचायच्या आत रॉइस समोर आला आणि त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल," तो कुजबुजला. "झोपल्यात त्या. तिथून निघालो तशा झोपल्यात."

काचेला डोकं टेकून नेडीन गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं. वर्लिनच्या ट्रकमध्ये ती कधीच झोपली नव्हती. आपल्याला सोबत म्हणून ती जागी राहते, असंच तो आजवर समजत आला होता.