पिठातला कोळी

उखर्डूआबांनी टोपली उचलली आणि सगळे वाकले.

माजघरात ज्या जागी मोतीलालचा जीव गेला, त्याच जागी रात्री पीठ पसरलं होतं. मधोमध दिवा. वर टोपली. मेलेल्या माणसाने पुढचा जन्म कशाचा घेतला, ते आबा सकाळी पिठातल्या पावलांवरून ओळखत. गावात दुसऱ्या कोणाला ते जमत नसे.

गाईचा खूर उमटेल, असं मोतीलालचा धाकटा भाऊ गिरधर कालपासून सांगत होता. निदान मोराचा पंजा.

पिठात कोळी बसला होता.

जिवंत. चपटा. पिठाने माखलेला. भोवती बारीक टिंबांच्या रांगा.

"कोळी," आबा म्हणाले.

"नीट देखा आबा." गिरधर भडकला. "मन्हा भाऊले बठ्ठं गाव घाबरे, आनि तो कोळी?"

"पाय त्याना शेतस, पीठ तुमनं शे. मी काय करू?"

मागे कोणीतरी हसलं. गिरधरने तिकडे पाहिलं. हसू थांबलं.

दारात बैलगाडी जुंपून उभी होती. मोतीलालची मुलगी प्रमिला आईला एरंडोलला न्यायला आली होती. नरडाण्याहून दुपारची रेल्वे गाठायची होती; महायुद्धामुळे गाड्या कमी झाल्या होत्या. "कायमची नेते," असं ती काल तेराव्याच्या पंगतीत सगळ्यांदेखत बोलली होती. तेव्हापासून काका तिच्याशी बोलत नव्हता. वहिनी गेली तर कापूस कोण वेचणार, म्हशी कोण पाहणार, हे त्याने तोंडाने विचारलं नव्हतं.

गिरधरने पुन्हा पिठाकडे पाहिलं. चेहरा बदलला. राग तसाच होता. आता त्याला काम मिळालं होतं.

"बरं. कोळी तं कोळी. म्हंजे भाऊ घर सोडीसन गया नही. घरमाच शे. मंग वहिनी कशी जाई? नवराले सोडीसन?"

"काका, तो किडा शे," प्रमिला म्हणाली.

"तुना बाप शे. तोंड सांभाळ." आणि बाहेर ओरडला, "बैल सोडा."

बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला. बैल सुटले.

प्रमिलाने कोपऱ्यातला झाडू उचलला. गिरधर बाजूला झाला, तिला वाट करून दिली.

"मार. बापले मार. बठ्ठासना समोर मार."

झाडू हातातून

खाली.

भिंतीला टेकून बसलेली झुंबरबाई, मोतीलालची बायको, आता उठली. नवरा गेल्यापासून ती रडली नव्हती. बायका त्यावरून कुजबुजल्या होत्या, दीर तोंडावर बोलला होता. ती पिठाजवळ उकिडवी बसली आणि तिने फुंकर घातली.

पीठ उडालं. कोळी पायांवर उंच झाला. पोटाखाली एक पांढरी, गोल, चपटी पिशवी होती. पांढऱ्या पिठात ती कोणाला दिसली नव्हती. कोळ्याने ती पोटाशी घट्ट धरली होती.

झुंबरबाई पाहत राहिली.

"आबा, तेच शेतस? पक्कं?"

"पाय खोटं सांगत नही, बाई."

"गिरधरभाऊ, तुमी सांगा."

"भाऊच शे. शपथ."

"मंग देखा. पोटखाले अंडा शेतस. तुमना भाऊ बाळंत व्हनार शे."

या वेळी कोणी हसलं नाही. आबा वाकले, नीट पाहिलं, आणि सरळ झाले. गिरधरने तोंड उघडलं. नाही म्हणावं तर तो भाऊ नव्हता. हो म्हणावं तर

झुंबरबाईने मुलीचा हात धरला. उंबऱ्यापर्यंत गेली. "बैल जुपा," म्हणाली. गाडीवान गिरधरकडे न पाहता उठला.

मग ती वळली. तिचा आवाज त्या घराने कधी ऐकला नव्हता इतका मोठा होता.

"कोनी मारू नका त्याले. बाळंत व्हऊ द्या. मंग तिसरा दिनले जातावर दळाले बसाडा, तो माले बसाडे तसं."