घोंगडीचं निदान

डॉ. अभिमन्यूने हातमोजे चढवले, घोंगडी चिमटीत धरली आणि गॅलरीत नेऊन टाकली. घोंगडी त्याच्या बापाची होती. बाप, येडू, सोफ्यावर बसून एका डोळ्याने बघत होता. दुसऱ्या डोळ्यावर मोतीबिंदूच्या ऑपरेशनची पट्टी होती.

"काय झालं रं?" येडूने विचारलं.

"आबा, आरोहीच्या अंगावर गांधी उठतायत. लोकरीची ॲलर्जी आहे."

आरोही, त्याची सात वर्षांची मुलगी, खाजवून खाजवून लालबुंद झाली होती. आजोबा सांगोल्याकडच्या माळावरून सोलापुरात आले आणि त्याच आठवड्यात हे सुरू झालं. एवढा पुरावा गल्लीतल्या कुणालाही पुरला असता. अभिमन्यू त्वचारोगतज्ज्ञ होता, तरी त्यालाही तेवढाच पुरला.

मग त्याने बापाला ते भाषण ऐकवलं, जे तो दवाखान्यात येईल त्याला ऐकवायचा. रक्तात बेसोफिल नावाच्या पेशी असतात. शंभर पांढऱ्या पेशींत जेमतेम एखादी. त्यांच्या पोटात हिस्टामिनच्या पुड्या भरलेल्या असतात. या पेशी खरं तर जंतांशी, गोचिडांशी लढणाऱ्या. "पण आता आपल्यासारख्यांच्या घरात जंत राहिलेत कुठे? रिकाम्या बसून करणार काय? साध्या लोकरीलाही शत्रू समजतात आणि पुड्या फोडतात. म्हणून खाज." या वाक्याला मागे एका क्लबात टाळ्या पडल्या होत्या.

येडूला त्यातलं लोकर तेवढं कळलं.

"घोंगडी टाकून काय हुतंय? मी मेंढरातला माणूस. माज्या अंगालाच लोकर हाय. माजंच लागतंय पोरीला."

सकाळी त्याने गाठोडं बांधलं. 'राहा' एवढंच म्हणायचं होतं. अभिमन्यू म्हणाला, "थोडेच दिवस, आबा." स्टँडवर त्याने डोळ्यात थेंब कधी घालायचे ते नीट समजावून सांगितलं. आई गेल्यापासून बाप गावात एकटा राहतो, थेंब घालणार कोण, हे त्याला एसटी हलल्यावर सुचलं.

घर झाडून, पुसून, धुऊन काढलं. गांधी उठतच राहिल्या. मग अभिमन्यूने शेंगाचटणी बंद केली. वांगी बंद केली. साबण बदलला. आरोहीचं कापसाचं अस्वल माळ्यावर गेलं. प्रत्येक वेळी त्याने तेच भाषण केलं आणि प्रत्येक वेळी त्याला ते पटलं.

एकच गोष्ट चालू राहिली. दिवाळीपासून तो रोज सकाळी घरात सगळ्यांना कच्च्या पालकाचा रस पाजत होता. पालक तो स्वतः आणायचा, नळाखाली धरल्यासारखं करायचा आणि मिक्सरला लावायचा. फार धुतलं की सत्त्व जातं, असं त्याचं मत होतं. हे मत कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

एका रविवारी सकाळी संडासातून आरोही किंचाळली, "पप्पा, गांडूळ!"

"अगं, खिडकीतून आलं असेल."

"नाही! माझ्यातून आलं!"

अभिमन्यू धावला. त्याची बायको दिपाली आधीच पोचली होती. तिने आत बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं.

"हेसुद्धा आबांच्या घोंगडीतलंच का?"

तो गोल जंत होता. चांगला लांब, धष्टपुष्ट, पालकाच्या रसावर पोसलेला. नाल्याच्या पाण्यावर वाढलेल्या भाजीला अंडी चिकटलेली असतात आणि जंत झाले तरीही अंगावर अशाच गांधी उठतात. हे त्याने कॉलेजात पाठ केलं होतं आणि परीक्षेत लिहूनही आला होता. अभिमन्यू बाथरूममधल्या स्टुलावर बसला. पोरीच्या पेशींनी शत्रू अचूक ओळखला होता. इतके दिवस त्या अंगभर लाल गांधी उठवून सांगत होत्या, आणि घरातला तज्ज्ञ त्यांना वेड्यात काढत होता. शिवाय त्याने बापाला घराबाहेर काढलं होतं, तेही पट्टी बांधलेल्या डोळ्याने.

घरात सगळ्यांनी जंताच्या गोळ्या घेतल्या. डॉक्टरांनीही घेतली, भिंतीकडे तोंड करून. आरोहीच्या गांधी हळूहळू बसल्या. या वेळी पूर्ण खात्री झाल्यावरच त्याने गाडी काढली.

वाटेत तो माफीची तयारी करत राहिला. पहिल्या मसुद्यात बेसोफिल आल्या, त्या त्याने काढल्या. दुसऱ्यात पुन्हा आल्या. गावाच्या फाट्यावर त्याला रस्ता विचारावा लागला. आपण इथे शेवटचं कधी आलो होतो, ते त्याला आठवेना. ज्याला विचारलं त्याने कौतुकाने सांगितलं, "येडूबाचं पाव्हणं व्हय? माळावर हाय त्यो."

येडू माळावर मेंढरांमागे उभा होता. अंगावर मळकी बंडी, डोळ्यांवर दवाखान्याचा मोठा काळा चष्मा. अभिमन्यू चपला हातात घेतल्यासारखा अवघडून पुढे गेला. त्याने आधी बापाचा चष्मा काढून डोळा तपासला. डोळा लाल होता, पण शाबूत होता. तेव्हा कुठे त्याला बोलता आलं. पाठ केलेलं सगळं तो विसरला होता.

"आबा, चुकलो मी. घोंगडीचं काही नव्हतं. जंत होते, आणि ते मीच पाजले पोरीला. लई मोठी चूक झाली."

येडूने पोराच्या हातातून चष्मा घेतला आणि त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ नीट बघून घेतलं.

"बरं झालं चुकलास," तो म्हणाला. "बरूबर असतास, तर नुसता फोन केला असतास की."